हुसेनसागरच्या काठाने मक्त्याच्या भिंतींपर्यंत

नांदेड, हिंगोली, परभणी, लातूरकडचा पेशंट मोठ्या आजाराला बहुतेक वेळा हैदराबादला जातो. मुंबईपेक्षा ते जवळ पडते, देवगिरीसारखी गाडी आहे, आणि वस्तीतले कोणी ना कोणी तिकडे आधी जाऊन आलेले असते. लहान मूल असले की निलोफर, कर्करोगाचा संशय असला की एम.एन.जे., मेंदू-हृदय-किडनीचे असले की निम्स. ही नावे आपल्या आयाबायांना आता तालुक्याच्या दवाखान्याइतकी पाठ झाली आहेत. या पानावर पेशंटबद्दल आपण नेहमी बोलतो. आज त्याच्या सोबत गेलेल्या माणसाबद्दल बोलायचे आहे. तो माणूस दहापैकी आठ वेळा बाईच असतो.

मी चौदा वर्षे वॉर्डात ड्युटी केली. आता पेशंट घेऊन जाणे, कागद लावणे, योजनेचा अर्ज भरणे ही कामे करते. दोन्ही बाजूंनी मी एकच गोष्ट पाहिली. पेशंटचे बीपी दर चार-सहा तासांनी कोणीतरी सिस्टर मोजून जाते. खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या त्याच्या आईचे, बायकोचे, बहिणीचे बीपी कोणी मोजत नाही. तिची स्वतःची बीपीची गोळी गावी फळीवर राहिलेली असते. संडास लांब आणि घाण असतो, म्हणून ती पाणी कमी पिते. चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. जेवण म्हणजे चहा-बिस्कीट आणि पेशंटच्या ताटात उरलेले. दिवसभर बाकावर पाय लोंबकळत बसून घोट्यापाशी सूज येते. बोटाने दाबले की खड्डा पडतो. आठव्या दिवशी पेशंट बरा होऊन चालू लागतो आणि सोबतीण आडवी होते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता पेशंटला निरोप देताना मी आधी सोबतीणीच्या पिशवीत तिच्या गोळ्या आहेत का ते बघते.

मोठ्या दवाखान्यात रिकामा वेळ फार असतो. ‘रिपोर्ट संध्याकाळी मिळेल’, ‘साहेब उद्या बघतील’, ‘आता फक्त थांबा’. हा वेळ बाकावर बसून, भिंतीकडे बघत आणि मनात वाईट चितवत जातो. त्यातला एक तास चालण्यासाठी काढा, असे मी सांगते तेव्हा बाया माझ्याकडे अशा बघतात, जणू मी त्यांना सिनेमाला चला म्हणाले. ‘पोरगं सलाईनवर आणि मी तळ्यावर फिरू का?’ एका ताईने मला असे तोंडावर विचारले होते. मी म्हटले, ताई, पोरगं घरी आल्यावर त्याला उचलायला तुमचे गुडघे लागणार आहेत. त्या मुकाट्याने उठल्या.

हैदराबादची सोय अशी की वर सांगितलेले तिन्ही दवाखाने हुसेनसागर तलावापासून फार लांब नाहीत. ऑटोने थोडक्यात पोहोचता येते. वाट सपाट आहे, चढ नाही, पायऱ्या नाहीत. लुंबिनी पार्कच्या फाटकापासून काठाने निघायचे, बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत यायचे, आणि अंगात ताकद असली तर पुढे रेल्वेच्या पलीकडे एम.एस. मक्ता नावाच्या वस्तीतल्या रंगवलेल्या भिंती बघून परतायचे. लुंबिनी पार्कच्या आत जायला तिकीट आहे. बाहेरच्या फूटपाथवर चालायला काही लागत नाही. आपल्याला बाहेरूनच चालायचे आहे.

निघण्याआधी एक व्यवस्था करा. पेशंटला एकटे सोडून जायचे नाही. सोबत दोघे असाल तर पाळी लावा. एकटेच असाल तर शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांशी बोला: आज तासभर तुम्ही माझ्या पेशंटकडे बघा, उद्या मी तुमच्याकडे बघते. ड्युटीवरच्या सिस्टरच्या कानावर घाला आणि फोन नंबर लिहून द्या. सिस्टर रागावतील अशी भीती बाळगू नका. मी सिस्टर होते म्हणून सांगते, न सांगता गायब झालेल्या नातेवाइकाचा राग येतो, सांगून गेलेल्याचा येत नाही. राउंडची वेळ मात्र विचारून घ्या आणि त्याआधी परत या. सकाळी सहा ते आठ किंवा ऊन उतरल्यावर साडेचार-पाचनंतरची वेळ बरी.

आता तळ्याकडे येऊ. हुसेनसागर सोळाव्या शतकातला आहे. इब्राहीम कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३च्या सुमारास, हुसेन शाह वली यांनी मुसी नदीच्या एका उपनदीवर बांध घालून तो बांधून घेतला. त्याच बांधावरून आज टँक बंडचा रस्ता जातो. चारशे साठ वर्षांहून जुनी भिंत अजून पाणी अडवून उभी आहे आणि वरून बस धावतात. हैदराबाद शहर वसले त्याच्याही आधीचे हे तळे. एकेकाळी या शहराची तहान त्याने भागवली.

तळ्याच्या मधोमध तथागतांची उभी मूर्ती आहे. एकाच पांढऱ्या ग्रॅनाइटच्या दगडातून कोरलेली, अठरा मीटर उंच, साडेतीनशे टनांच्या आसपास वजनाची. दगड भुवनगिरीजवळच्या रायगिरीचा. एन.टी. रामाराव मुख्यमंत्री असताना काम सुरू झाले. मार्च १९९० मध्ये मूर्ती तराफ्यावर चढवून पाण्यातून नेताना तराफा कलंडला, मूर्ती तळाशी गेली आणि काही माणसांचे प्राण गेले. दोन वर्षांहून अधिक काळ मूर्ती चिखलात पडून होती. मग ती बाहेर काढली आणि १ डिसेंबर १९९२ रोजी आत्ताच्या जागी उभी केली. काठावर उभे राहून बघताना बाया मूर्तीला हात जोडतात. मी त्यांना बुडालेल्या माणसांचीही गोष्ट सांगते. मोठी शिल्पे उभी राहतात ती कामगारांच्या अंगावर, हे आपल्या लोकांना वेगळे समजवावे लागत नाही.

बोटीने मूर्तीपर्यंत जाता येते. पण पेशंट वॉर्डात असताना बोटीच्या रांगेत थांबू नका. तो वेळ पायांना द्या.

चालण्याचा आणि तथागतांचा संबंध जुना आहे. भिक्खू जेवणानंतर, ध्यानाच्या मधे, ठरलेल्या पट्टीवर येरझाऱ्या घालत. त्याला चंक्रमण म्हणतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाला शरीर तयार राहते, कष्टाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालून मिळवलेली मनाची एकाग्रता जास्त वेळ टिकते. नर्सिंगच्या डिप्लोमात मी जे शिकले ते याहून फार वेगळे नव्हते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर रक्तातली साखर कमी चढते, कारण चालणारे स्नायू ती साखर खेचून घेतात. पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सैलावले की पायात साचलेले रक्त वर ढकलले जाते आणि सूज उतरते. नुसते बसून राहिल्याने पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तोही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचे चालणे सांगते. मध्यम वेग कसा ओळखायचा? चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढे मोजमाप पुरे, घड्याळ-यंत्र लागत नाही.

पायात काय घालायचे? वॉर्डातली घसरती रबरी चप्पल नको. मागे पट्टा असलेली सँडल किंवा साधा कापडी बूट चालेल. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी अनवाणी एक पाऊलही टाकू नये, आणि परत आल्यावर तळपाय नीट बघावेत. स्वतःला वाकून दिसत नसेल तर दुसऱ्याला बघायला सांगावे. पायाला मुंग्या असतील तर खडा टोचलेला कळत नाही, आणि त्या छोट्या जखमेतून पुढे बोट कापायची वेळ येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखरेची गोळी खाणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. पदराच्या गाठीला साखरेची पुडी किंवा गूळ बांधून ठेवावा. दरदरून घाम, हातापायाला कंप, डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी साखर तोंडात, मग बाकीचे. छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, बोलताना धाप लागली, तर जागच्या जागी बसायचे आणि १०८ला फोन लावायचा. ‘गॅस असेल’ म्हणत पुढे चालायचे नाही. ज्यांचे नुकतेच पोटाचे ऑपरेशन झाले आहे, ज्यांना ताप आहे, ज्यांच्या एकाच पायाला सूज आणि दुखणे आहे त्यांनी ही वाट सोडून द्यावी आणि आधी डॉक्टरांना दाखवावे.

लुंबिनी पार्क मागे टाकून एन.टी.आर. मार्गाने चालू लागलो की एका हाताला तळे आणि दुसऱ्या हाताला तेलंगणाचे नवे सचिवालय लागते. त्यालाही बाबासाहेबांचे नाव आहे. पुढे एन.टी.आर. उद्यानाजवळ पुतळा. तो लांबूनच दिसू लागतो. मूर्ती १२५ फूट, खालचे बांधकाम ५० फूट, आणि त्याचा आकार जुन्या संसद भवनासारखा गोल. १४ एप्रिल २०२३ रोजी अनावरण झाले, बाळासाहेब आंबेडकर हजर होते. मूर्तीचे शिल्पकार राम सुतार, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. आवाराचे फाटक उघडे असेल तर आत जाऊन बसा. बंद असेल तर रस्त्यावरूनही मूर्ती पूर्ण दिसते.

इथे बाया थांबतातच. काहींना रडू येते, आणि मला ते आरोग्याच्या दृष्टीने बरेच वाटते. वॉर्डात पेशंटसमोर रडता येत नाही, रात्री फोनवर घरच्यांना धीर द्यावा लागतो. इथे अनोळखी गर्दीत, ओळखीच्या माणसापुढे रडून घेता येते. बाबासाहेबांनाही हे शहर अनोळखी नव्हते. उस्मानिया विद्यापीठाने १९५३च्या जानेवारीत त्यांना डी.लिट. पदवी दिली. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे आपले आजे-पणजे या शहराला राजधानी म्हणत. आज त्यांच्या नाती इथे पेशंट घेऊन येतात. तेव्हा परक्या गावी आलो असे मानून अंग चोरून चालायचे कारण नाही. आणि पाण्याच्या काठावर आपल्या माणसांनी मोकळे चालणे ही केवढी गोष्ट आहे, हे २० मार्च १९२७चा महाड ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू.

आता पाण्याबद्दल खरे ते बोलते, कारण हे आरोग्याचे पान आहे. हुसेनसागरचे पाणी लांबून छान दिसते, जवळ गेल्यावर काही ठिकाणी वास येतो. वर्षानुवर्षे नाल्यांमधून शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी या तळ्यात उतरत आले; कुकटपल्लीचा नाला त्यात मोठा. सफाईची कामे झाली, अजून चालू असतात, पण हे पाणी हात-तोंड धुण्याचे नाही. लेकरांना त्यात पाय सोडून बसवू नका. पायाला जखम असेल तर अजिबात नाही. पिण्याचे पाणी बाटलीत सोबत घ्या, आणि संडासच्या भीतीने ते न पिता परत आणू नका. संध्याकाळी डास असतात. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज किंवा अंगावर ओढणी बरी. काठावर विकायला ठेवलेली कापलेली फळे आणि बर्फाचा गोळा टाळा. भाजलेले मक्याचे कणीस चालेल, गरम असते.

पुतळ्यापासून पुढे रस्ता नेकलेस रोडला मिळतो आणि खैरताबादचा उड्डाणपूल लागतो. पूल रेल्वेचे रूळ ओलांडून जातो. एवढा टप्पा पायी करू नका असेच मी सांगते. गाड्या जोरात येतात आणि चालणाऱ्याचा विचार तिथे कोणी फारसा केलेला दिसत नाही. ऑटो करा, ‘एम.एस. मक्ता, राजभवनकडे’ म्हणा. दमला असाल तर पुतळ्यापाशीच वळा; तेवढे चालणेही पुरेसे आहे.

मक्ता ही कष्टकऱ्यांची दाट वस्ती. एका बाजूला राज्यपालांचे राजभवन, दुसऱ्या बाजूला रूळ, आणि मधे चिंचोळ्या गल्ल्या. २०१६ साली स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने देशातल्या आणि परदेशातल्या चित्रकारांना बोलावून इथल्या घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. गल्लीतून वळावे आणि समोर अख्ख्या घराएवढे चित्र यावे, असे होते. खाली दारात धुणे वाळत असते, कोणी भाजी निवडत असते, आणि वर दोन मजली रंग. काही चित्रे आता विटली आहेत. भिंत घरमालकाची असते. ओल आली, गिलावा केला, मजला चढवला की चित्र जाते. मला त्याचे वाईट वाटत नाही. माणसाला घर वाढवायचे असेल तर चित्राने आड का यावे?

चित्रांबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही मी बोलते. एक म्हणजे रंग लावल्याने गटार झाकले जात नाही. वस्तीला आधी नळ, नाली, दवाखाना मिळावा, हा माझा आग्रह कधी सुटणार नाही. दुसरी अशी की, ज्या वस्तीकडे शहर नाक दाबून बघते तिथे लोक मुद्दाम चालत यायला लागतात, तेव्हा तिथल्या पोरांची मान थोडी वर होते. आपल्या वस्त्यांच्या भिंतींवरही रंग असतात. विहाराच्या भिंतीवर बोधिवृक्ष असतो, चौकात हातात पुस्तक घेतलेल्या सावित्रीबाई असतात, कंपाउंडला निळा पट्टा असतो. ती चित्रे काढणारी पोरे साइनबोर्ड रंगवून पोट भरतात आणि त्यांना कोणी चित्रकार म्हणत नाही. मक्त्यात गेल्यावर मला त्या पोरांची आठवण येते.

वॉर्डातून आलेल्या माणसाला ही चित्रे काय देतात, तेही मी पाहिले आहे. दहा दिवस डोळ्यांपुढे फिकट हिरवी भिंत, पांढरी चादर आणि लाल अक्षरातला रिपोर्ट असतो. मन एकाच जागी गोल फिरत राहते. चालताना दर वळणावर नवे काही दिसले की ते फिरणे तुटते. हिमायतनगरकडच्या एक मावशी, नातवाच्या काळजीने सात दिवस कोणाशी बोलल्या नव्हत्या. मक्त्यातल्या एका भिंतीपुढे त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘एवढ्या वर चढून रंगवलं कसं असेल गं? पडला नसेल ना कोणी?’ सात दिवसांतले त्यांचे ते पहिले लांब वाक्य. त्या रात्री त्या जेवल्या आणि झोपल्या. गोळी न देता आलेली झोप होती ती.

तिथे जाताना थोडी रीत पाळा. ती लोकांची घरे आहेत. भिंतीचा फोटो काढा, पण दारात बसलेल्या बाईचा तिला विचारल्याशिवाय काढू नका. आपल्या वस्तीत येऊन असे कोणी केले तर आपल्याला कसे वाटते ते आठवा. तिथल्या टपरीवर चहा घ्या, दोन पैसे वस्तीत राहतील. तेलुगू येत नसली तरी हिंदी चालते. आणि ‘जय भीम’ म्हटल्यावर कोणी ना कोणी वळून बघतेच, हा माझा अनुभव आहे.

या वाटेतल्या उणिवाही लिहून ठेवते. फूटपाथ सगळीकडे सारखा नाही, मधेच गाड्या लावलेल्या असतात. बायांसाठी स्वच्छ संडास पुरेसे नाहीत, म्हणून दवाखान्यातून जाऊनच निघा. बसायला जागा आहेत, पण सावली सगळीकडे नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला लुंबिनी पार्कपासून पुतळ्यापर्यंतचा टप्पा सोबतीच्या मदतीने करता येईल, मक्त्याच्या गल्ल्या जमणार नाहीत. पेशंट बरा होत असेल आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले असेल तर त्यालाही एखाद्या दिवशी पाच-दहा मिनिटांसाठी काठावर आणा. सलाईनची सुई हातात असेल तर मात्र नाही, आणि केमोथेरपी चालू असताना गर्दीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्या दिवसांत शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी झालेली असते.

परतीला मक्त्यातून खैरताबाद मेट्रो स्टेशन गाठता येते. पुढचेच स्टेशन लकडी का पूल, तिथून निलोफर आणि एम.एन.जे. जवळ. निम्सला जाणाऱ्यांनी उलट दिशेची मेट्रो धरून पंजागुट्टाला उतरावे. वॉर्डात शिरण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, चप्पल झटका, आणि आपल्या पेशंटकडे जाण्याआधी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगा की तुम्ही आलात, आता तिने निघावे. तिला ऑटोवाल्याला काय सांगायचे ते एका कागदावर लिहून द्या.